स्वस्त गावचा हिशेब

बेळगावचा माणूस बाहेरच्या पाहुण्याला आपल्या गावाचे दोन गुण आवर्जून सांगतो, एक हवा आणि दुसरी स्वस्ताई. हवेबद्दल हल्ली तो थोडा जपून बोलतो, कारण एप्रिल-मे महिन्यांत ते पंख्याखाली बसूनच सांगावे लागते. स्वस्ताईबद्दल मात्र शंका घेतलेली त्याला मुळीच खपत नाही. "आमच्या बेळगावात काय, सगळं स्वस्त हाय की!" हे वाक्य मी भाजीबाजारात ऐकले आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे आणि घर भाड्याने घेणाऱ्याच्या तोंडून तर हमखास ऐकले आहे. पूर्वी या गावाला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. निवृत्त झालेली मंडळी टिळकवाडीत टुमदार घर बांधून पेन्शनीवर सुखाने दिवस काढीत. त्या पिढीने गावाला दिलेली शिफारसच आपण अजून पुढे चालवीत आहो.

यंदाच्या अंकासाठी गावातील रोजच्या जीवनाविषयी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मी याच महाविद्यालयाचा बी.कॉम. झालेला विद्यार्थी. गेली अठ्ठावीस वर्षे दुकानदारांचे, मागवाल्यांचे आणि उद्यमबागेतील लहानसहान कारखानदारांचे हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. साहित्याशी माझा संबंध जमा आणि नावे या दोन शब्दांपुरताच. तेव्हा मी लिहिणार ते हिशेबाचेच, आणि ते वाचून कोणाच्या गावाभिमानाला थोडा धक्का बसला तर त्याने रागावू नये, कारण मीही इथलाच आहे.

माझे म्हणणे असे, की बेळगाव स्वस्त आहे या वाक्याचा खरा अर्थ बेळगावात माणसाचे काम स्वस्त आहे, इतकाच होतो.

हे मी हवेत बोलत नाही. वाचकांनी एखाद्या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन गणपत गल्लीपासून खडेबाजारपर्यंत एक फेरी मारावी आणि इथे काय स्वस्त आहे नि काय नाही, याची नोंद करावी. औषधाच्या पट्टीवर छापलेली किंमत मुंबईत जी असते तीच इथे असते. मोबाईल, सिमेंटची पिशवी, दुचाकीचे टायर, बिस्किटाचा पुडा, शाळेची छापील पुस्तके, यांपैकी कशालाही बेळगावची हवा लागलेली नाही. सोन्याचे तर बोलायलाच नको. अभियांत्रिकीच्या खासगी जागेची फी भरताना 'आम्ही स्वस्त गावचे' असे सांगून कोणाला सूट मिळाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मग स्वस्त आहे ते काय? भाजी. धुणे-भांडी. शिवणाऱ्याची शिलाई. विद्यार्थ्यांच्या खानावळीचा डबा. गवंड्याच्या हाताखालचा माणूस. दुकानात दिवसभर उभी राहून कापड उलगडून दाखवणारी मुलगी. लेथवर बसलेला टर्नर. (रिक्षाचा मात्र अपवाद करावा लागतो. आपल्याकडे रिक्षातला मीटर देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा असतो. असतो, पण बोलत नाही.)

म्हणजे पाहा, ज्या वस्तूची किंमत बाहेर ठरते ती इथेही त्याच भावाने मिळते. आणि ज्या वस्तूत आपल्याच शेजाऱ्याचे हात राबलेले असतात तेवढीच स्वस्त पडते. आता ज्याची कमाई बाहेरची आणि खर्च इथला, त्याला हे गाव खरोखरच नंदनवन आहे. पेन्शनर, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, मुलगा अमेरिकेत असलेले आईवडील, बंगळूरच्या कंपनीचे काम घरी बसून करणारे नवे तरुण, हे सारे त्यात आले. पण ज्याची कमाई इथली आहे त्याला औषध, मोबाईल, फी आणि सिमेंट हे बाहेरच्या भावानेच घ्यावे लागते. त्याच्या दृष्टीने हे गाव पुण्यापेक्षा महाग आहे, कारण तीच औषधाची पट्टी विकत घ्यायला त्याला अधिक तास काम करावे लागते. किंमत रुपयांत मोजण्याऐवजी तासांत मोजली, की स्वस्त गाव एकदम महाग होते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहावा.

कोणी म्हणेल, मग मालक लोक पिळवणूक करतात, असे सरळ सांगा ना. ते तितके सरळ नाही. मालकाची वही मी रोज उघडतो. वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत आठ-दहा माग चालवणारा जो माणूस आहे त्याला मालक म्हणायचे तरी कसे? सुताचा आणि रेशमाचा भाव त्याच्या हातात नाही. विजेचा दर हेस्कॉम आणि सरकार यांच्यात ठरतो. साडी काय भावाने जायची, हे व्यापारी ठरवतो आणि त्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे सुरतेहून आलेल्या साड्यांचा गठ्ठा असतो. अशाच एका मागवाल्याने मला एकदा सगळा व्यवसाय दोन वाक्यांत सांगितला. "सुताचा दर माझ्या हातात न्हाई, साडीचा न्हाई, करंटचा न्हाई. हातात ऱ्हायली काय ती विणणाऱ्याची मजुरी, मग वढाताण हुती ती तितंच." त्याच्या वहीत मला दुसरे काही सापडले नाही. शिवाय त्या घरातील बायका दुपारभर कांड्या भरतात, त्यांची मजुरी तर वहीत लिहिलीच जात नाही. त्यांचे नाव धरले तर धंदा तोट्यात दिसेल. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, विणलेल्या साड्या घराघरांत पडून राहिल्या, तेव्हा ज्यांना आपण मालक म्हणत होतो ते आणि ज्यांना मजूर म्हणत होतो ते एकाच रांगेत रेशनच्या पिशव्या घेऊन उभे होते. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते आणि शहापुरी साडीला मान होता, हे आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. ती साडी आज कोण किती रुपयांना विणतो, हे पाहुणाही विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

भाजीचे तसेच. बेळगाव तालुक्यातला शेतकरी पहाटे रताळी, बटाटे, कोबी, मिरची घेऊन बाजारात उतरतो. त्यातला मोठा हिस्सा चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला जातो. मार्च २०२० मध्ये गाड्या अडल्या तेव्हा गोव्यात भाजीची टंचाई झाली आणि बेळगाव म्हणजे काय चीज आहे, ते पणजीला चार दिवसांत समजले. परंतु हमालाने पोते उचलण्याआधी शेतकऱ्याला त्या दिवसाचा भाव माहीत नसतो. आपण ज्याला स्वस्त कोबी म्हणतो, तो बऱ्याचदा गाडीभाडे तरी निघावे म्हणून टाकलेला कोबी असतो. आणि ज्या शिवारात बेळगावचा वासाचा बासमती पिकतो त्याच बाजूला हलगा-मच्छे बगल रस्त्यासाठी जमीन घेण्यावरून शेतकरी वर्षानुवर्षे कोर्टात आणि बांधावर भांडत राहिले. स्वस्त भाताची आणि स्वस्त भाजीची जमीनही कोणाला तरी स्वस्तातच हवी असते.

भाजीवालीशी घासाघीस करू नका, असा उपदेश करणारे लेख मी वाचले आहेत. मला तो उपदेश पटत नाही. बाजारात घासाघीस व्हायचीच. ती भाजीवालीही आपल्यापेक्षा चांगली करते. दोन रुपयांची कोथिंबीर फुकट मागणे हा काही या गावचा मोठा प्रश्न नाही. मोठा प्रश्न महिन्याच्या पगाराचा आहे, जिथे घासाघीस मुळीच होत नाही. तिथे एक जण आकडा सांगतो आणि दुसरा मान हलवतो.

त्या पगाराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे माझा रोजचा संबंध आहे. कायद्याने वीस माणसे कामाला असली की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. आता गंमत अशी, की ज्यांच्या हजेरीपटावर बरोबर एकोणीस नावे आहेत असे कारखाने आणि दुकाने मी इतकी पाहिली आहेत, की एकोणीस हा बेळगावचा शुभांक असावा, अशी माझी समजूत झाली आहे. विसावा माणूस असतो. तो भट्टीपाशी उभा असतो, साचा भरत असतो, चहाही सगळ्यांबरोबर पितो. फक्त कागदावर तो कोणा ठेकेदाराचा असतो. असे हजेरीपट माझ्याकडे लिहायला आले की मी ते परत देतो. त्यामुळे जगात काही फरक पडत नाही, ते दुसऱ्याकडे लिहून मिळतात. पण त्या विसाव्या माणसाच्या म्हातारपणाचे पैसे हे आपल्या स्वस्ताईच्या खात्यात जमा झालेले आहेत, एवढे तरी लिहून ठेवायला हरकत नाही. फौंड्रीतल्या भट्टीवर आता ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश इकडून आलेली मुले दिसतात. 'आमच्या पोरांना कष्ट नकोत' असे कारखानदार म्हणतात. आमची पोरे पुण्याला जाऊन रात्रपाळी करतात ती काय हौस म्हणून?

घरकामाचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी साध्या बसमधून बायकांचा प्रवास मोफत झाला. खेड्यांतून शहरात कामाला येणाऱ्या मावशींचे तिकिटाचे पैसे वाचू लागले. त्यानंतर दिवाळीत एका मावशींनी पगारवाढ मागितली तेव्हा घरच्या बाई त्यांना म्हणाल्या, "आता तुमचं तिकीट फुकट झालंय की, मग वाढ कशाला?" हे मी स्वतः ऐकले. सरकारने मावशींना दिलेले पैसे बाईंनी बसल्या जागी आपल्याकडे वळते करून घेतले, आणि तेही रागाने नव्हे, अगदी सहज, हिशेब समजावून सांगितल्यासारखे. फुकट योजनांनी लोक आळशी होतात, असे आपल्याकडे सुशिक्षितांच्या बैठकीत फार बोलले जाते. त्या फुकटातले किती कोणाकडे पोचते, हे एकदा अशा बैठकीतच मोजून पाहायला पाहिजे.

मजुरी म्हणजे पावसासारखी वरून पडणारी गोष्ट आहे, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही; ती कोणीतरी ठरवत असते. आपण सीमेवर राहतो, त्यामुळे हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. २०२४–२५ या वर्षी केंद्राने रोजगार हमीचे जे दर जाहीर केले त्यांत कर्नाटकाचा दिवसाचा दर ३४९ रुपये होता, महाराष्ट्राचा २९७ आणि गोव्याचा ३५६. म्हणजे शिनोळीच्या अलीकडे माती उचलली तर ३४९ आणि पलीकडे चंदगड तालुक्यात तीच माती, तीच पाटी, तोच पाऊस आणि ५२ रुपये कमी. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांआधी १९७७ साली महाराष्ट्राने केला, हेही इथे आठवते. १९५६ पासून या सीमेवर आपण किती बोललो, किती लिहिले, किती तुरुंग भरले! त्या बोलण्याला कारण आहे, ते मी कमी लेखत नाही. पण मजुरीतल्या या ५२ रुपयांवर ना इकडच्या सभेत कोणी बोलले ना तिकडच्या. या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांनाही माझे सांगणे आहे, की कन्नडमध्ये मजुरीला 'कूलि' म्हणतात आणि स्वस्ताला 'अग्ग'. शब्द बदलले तरी बाजारातले नाते तेच राहते, आणि वडगावच्या एकाच गल्लीत दोन्ही भाषांचे विणकर एकाच दराने विणतात.

आता विद्यार्थ्यांविषयी. तुमच्यापैकी पुष्कळ जण पहाटे कॅम्पच्या बाजूला धावताना दिसता. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे तिथे हे असायचेच. २०२२ साली अग्निवीरांची योजना आली तेव्हा पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये आणि त्यातले २१,००० हातात, असा आकडा जाहीर झाला. चार वर्षांनी त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांनाच कायम ठेवले जाणार, हेही जाहीर झाले. तरीही रांगा लागल्या. देशप्रेम आहेच, पण त्याच वयाच्या मुलाला आपल्या बाजारपेठेतील दुकान किंवा कारखाना जे देतो त्याच्याशी हा आकडा घरातला प्रत्येक बाप ताडून पाहतो. इथल्या मालकाने त्या रांगेकडे आपली स्पर्धा म्हणून पाहायला पाहिजे.

ज्यांनी डिप्लोमा केला त्यांचे उदाहरण घेऊ. समजा, एका मुलाला इथे १५,००० मिळतात आणि पुण्याला २५,०००. वडील हिशेब मांडतात. खोलीभाडे, खानावळ, दर दोन महिन्यांनी घरी येण्याचे भाडे वजा जाता पुण्यात उरते तितकेच इथे घरी राहून उरते, मग जायचे कशाला? हा हिशेब पहिल्या वर्षापुरता बिनचूक आहे. मी तो पाचव्या वर्षी पाहतो. पुण्यात गेलेल्याचा आकडा कंपनी बदलता बदलता वाढलेला असतो. इथे राहिलेल्याचा आकडा मी एका वर्षाच्या वहीतून पुढच्या वर्षाच्या वहीत जसाच्या तसा उतरवीत असतो, कधी पाचशे रुपयांची भर घालून. 'शिकायला मिळतंय, हेच खूप', असे त्या मुलाला सांगितलेले असते. शिकाऊ उमेदवारालासुद्धा विद्यावेतन द्यावे लागते, असे १९६१ चा कायदा सांगतो. पण तो कायदा मुलाने वाचलेला नसतो आणि मालकाला आठवत नसतो. मुले गाव सोडतात म्हणून आपण हळहळतो. म्हाताऱ्या आईबापांना सोडून गेली म्हणून त्यांना नावेही ठेवतो. ती स्वस्ताई सोडून गेली आहेत.

संध्याकाळी दुकानांतून पिग्मी गोळा करत फिरणारी माणसे तुम्ही पाहिलीच असतील. ही पिग्मी मूळची उडुपीची. पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्ध झालेल्या बँकेने ती १९२८ साली सुरू केली, आणि रोज दोन आणे टाकून लहान माणसालाही शिल्लक टाकता येते, हे साऱ्या मुलखाला दाखवून दिले. आपल्याकडील पतसंस्थांनी ती उचलली. मला या पद्धतीविषयी फार आदर आहे. या गावातली कितीतरी घरे आणि लग्ने पिग्मीवर उभी राहिली. पण पिग्मी गोळा करणारा माणूस मिळालेल्या कमिशनवर पायपीट करतो. तो कामगार आहे की नाही, हा वाद २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल त्याच्या बाजूने लागला, तेव्हा तो कामगार ठरला. आता फोनवरून पैसे भरता येऊ लागल्याने त्याची फेरीही कमी होत चालली आहे. त्याच रस्त्यावर आज पाठीला चौकोनी पेटी लावून गरम जेवण पोचवणारी मुले भरधाव जातात, त्यांतले काही तुमच्याच वर्गातले आहेत. तेही कामगार आहेत का, हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. २०२५ साली कर्नाटकाने त्यांच्यासाठी कायदा केला आणि दर व्यवहारामागे १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपन्यांकडून घेण्याची तरतूद केली. पिग्मीवाल्याला सत्तरहून अधिक वर्षे लागली, या मुलांना त्या मानाने लवकर मिळाले म्हणायचे.

मग करायचे काय, असे मला विचारतात. मी पुढारी नाही. हिशेबनीस म्हणून मला दोनच गोष्टी मागाव्याशा वाटतात. पगार ठरलेल्या तारखेला द्यावा. आपल्याकडे दहा तारखेचा पगार वीस तारखेला देण्यात कोणाला काही वाटत नाही, आणि मधल्या दहा दिवसांसाठी कामगार व्याजाने पैसे काढतो. दुसरे, नोकरीची जाहिरात देताना पगाराचा आकडा छापावा. 'आकर्षक वेतन' हे शब्द मी इतकी वर्षे वाचतो आहे. ते वेतन इतके आकर्षक असते, तर आकडा लाजला नसता. महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लागणाऱ्या जाहिरातींपासून ही सुरुवात करायला प्राचार्यांची परवानगी पुरे आहे. आणि प्राध्यापक मंडळींनी राग मानू नये, पण तासिकेवर शिकवणाऱ्या तरुण व्याख्यात्यांच्या मानधनाचा आकडाही त्याच फलकावर लावायला हरकत नसावी.

माझ्या कार्यालयात दोन मुली काम करतात. दोघीही याच महाविद्यालयाच्या. त्यांचा पगार दर एप्रिलला वाढतो आणि सात तारखेच्या आत होतो. तीन वर्षांपूर्वी त्यासाठी मी माझे दर वाढवले. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक जण म्हणाले, "काय हो, तुम्ही पण महाग झालात!" तेव्हा दोन गिऱ्हाइके गेली. त्यांतले एक गेल्या वर्षी परत आले. दुसरे अजून आलेले नाही.